सालावर ठेवलेली सुई

औषधं मी विकली. औषधांबरोबर जे शहाणपण दिलं ते मात्र लोकांनी फुकट नेलं, आणि वर माझ्याशी भांडले. शेवगावात मेडिकल दुकान चालवून मनात काही सल राहिला असेल तर तो हा. बाकी माझी कुणाबद्दल तक्रार नाही असं लिहिणार होतो, पण सणासुदीच्या अंकात खोटं कशाला. कारभारी आबांबद्दल आहे. म्हणून हा लेख त्यांच्यावर आणि त्यांच्या घरातल्या तीन शुगरींवर.

माझं दुकान वडिलोपार्जित नाही. वडील घोडेगावच्या बैलबाजारात दावणी झाडायचे, जनावरांना पाणी दाखवायचे. मी नगरला एका औषधाच्या दुकानात फडताळं पुसायला लागलो, पुसता पुसता डबे ओळखायला शिकलो, फार्मसीचा डिप्लोमा केला, आणि नव्वदच्या सुमारास शेवगावात स्टँडच्या रस्त्याला स्वतःचं शटर उघडलं. घासाघीस तेवढी बैलबाजारातून आणली. नगरचे होलसेलवाले मला लांबून बघितलं की आधी चहा सांगायचे. पाहुणचार म्हणून नव्हे, तेवढा वेळ माझं तोंड बंद राहावं म्हणून. आणि तापट मी जन्मापासून आहे. त्याचा दोष दुकानाला देता येत नाही.

दुकानदाराची खरी परीक्षा बघणारा माल म्हणजे इन्सुलिन. ते गार लागतं, पण गोठलं की मेलं, आणि उन्हात राहिलं तरी मेलं. मेलेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला जिवंतासारखंच असतं, ही त्यातली खरी पंचाईत. नगरहून आणताना थर्मासात तळाशी बर्फाचे तुकडे, त्यावर दुमडलेला टॉवेल, त्यावर बाटल्या, आणि तो थर्मास एस.टी.त मांडीवर घेऊन बसायचा. शेजारचा प्रवासी विचारायचा, चहा आहे का? मी नाही म्हटलं की त्याला मी चिक्कू वाटायचो. दुकानातल्या फ्रिजचं दार वीज गेली की मी कुणाला उघडू द्यायचो नाही. आमच्या बाईंनी एकदा त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवली, त्यावरून झालेलं भांडण गल्लीला अजून आठवतं. खेड्यावरच्या माणसाकडे फ्रिज कुठला? त्याला मी सांगायचो, लहान मडक्यात वाळू घाल, वाळू रोज ओली ठेव, बाटली डबीत बंद करून त्या वाळूत पूर आणि मडकं सावलीत ठेव.

त्या काळी आमच्याकडे शुगर म्हणजे एकच. पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाची. काही जण ती मिरवायचेसुद्धा. सोनईचे एक गुरुजी होते, ते फक्त लग्नसराईत गोळ्या न्यायला यायचे. जिलबीच्या पंगतीला जायचं असलं की सकाळी एक गोळी, आणि लग्नं संपली की गोळी बंद. मी म्हटलं, गुरुजी, आजार मुहूर्त बघून येत नाही. ते म्हणाले, तुम्ही मेडिकलवाले बारमाही गिऱ्हाईक शोधता. त्यानंतर ते समोरच्या दुकानातून गोळ्या न्यायला लागले. समोरच्याने त्यांना काही सांगितलं नाही, म्हणून तो चांगला माणूस.

कारभारी आबा याच प्रकारचे शुगरवाले. ढोरा नदीच्या पलीकडे त्यांची वस्ती. अंगात नेहरू शर्ट, खांद्यावर उपरणं, आणि बैलाच्या नुसत्या चालीवरून तो कुठल्या खुरात दुखावलाय हे सांगणारी नजर. बैलबाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती. दुकानावर माझ्या नावाची पाटी मी चांगल्या पेंटरकडून रंगवून घेतली होती, पण आबा रस्त्यातूनच हाक मारायचे, "ए दगडूच्या, माझ्या गोळ्या काढ." दगडू माझे वडील. काउंटरवरची बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची. मी दात खाऊन म्हणायचो, बोला आबा.

आबांना गोळी लागू पडली. साखर आटोक्यात आली, पायाची जखम भरली. पुढे त्यांची धाकटी सून शोभा हिला दिवस राहिले आणि तिच्याही लघवीत साखर सापडली. आमच्या शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तिला बाळंतपणापर्यंत इन्सुलिन दिलं. मुलगा झाला, ठणठणीत झाला, आणि शोभाची साखर गेली. मॅडमनी घरच्यांना बजावलं की हिची वर्षातून एकदा तपासणी करा, ही साखर पुढे परत येऊ शकते. ते कुणी ऐकलं नाही. आबांनी मात्र बाजारभर सांगितलं की सुनेची शुगर आमच्या घरच्या कारल्याच्या रसाने घालवली.

आणि मग थोड्याच दिवसांत वैशाली. आबांच्या थोरल्या मुलाची मुलगी, सातवीत शिकणारी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. ती तांब्येच्या तांब्ये पाणी प्यायची, तासाच्या मध्ये उठून बाहेर जायची, आणि शाळेचा फ्रॉक अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. आईला वाटलं जंत झाले. मॅडमनी लघवी तपासली. ती तपासणी त्या वेळी सोपी होती, मी स्वतः पुष्कळांना शिकवलेली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत गेलं तर साखर वाढती. वैशालीची नळी बघता बघता विटेसारखी लाल झाली. मग नगरहून रक्ताचा रिपोर्ट आला आणि सुई सुरू झाली. आई सुई बघून तोंड फिरवायची, म्हणून पोर आठवडाभरात स्वतःच टोचायला शिकली.

हे आबांना पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मॅडम शास्त्र सांगायच्या, आणि आबा मान डोलावून घरी जायचे. माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसून मी त्यांना आमच्या भाषेत सांगितलं. शरीरात इन्सुलिन नावाचं पाणी आहे असं समजा. ते पोटातल्या एका विहिरीतून येतं, आणि ते मिळालं तरच खाल्लेली साखर अंगी लागते. आबा, तुमच्या विहिरीला पाणी आहे, पण तुमची जमीन ते नीट पीत नाही आणि मोटरही दमलीय. गोळीने काम निभतं. शोभाच्या घरी पाहुणा येणार होता, तेवढ्यापुरतं पाणी कमी पडलं. पाहुणा आला, पाणी पुरायला लागलं. पण विहीर उथळ आहे हे कळलं, तिच्यावर लक्ष ठेवायचं. वैशालीची विहीरच बुजत चाललीय. तिचा दोष नाही, गोड खाल्ल्याचा नाही, कुणाच्या नजरेचाही नाही. तिथे कितीही मोठी मोटर बसवा, पाणी कुठून येणार? तिला टँकर लागतो. रोज. सुई म्हणजे टँकर.

आबांनी सगळं ऐकलं. शेवगाव तालुक्यात टँकर म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मला वाटलं, सौदा पटला.

पुढे जे झालं ते मॅडमनी मला आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून मला कळलं. असल्या मुलांना सुई सुरू केल्यावर कधी कधी काही महिने शरीराची घडी थोडी बसते. विहिरीला शेवटचा पाझर फुटतो. सुई कमी लागते, लघवीची नळी निळी राहायला लागते. घरच्यांना वाटतं आजार गेला. तो गेलेला नसतो. पाझर आटतो तो कायमचा.

वैशालीची नळी निळी राहायला लागली आणि आबांच्या घरात सण झाला. फ्रॉक अंगाला बसला, गाल वर आले. आबा मला भेटले तेव्हा म्हणाले, तुझ्या बुजलेल्या विहिरीला पाणी लागलं बघ. मी सांगितलं, तो पाझर आहे, सुई सोडू नका. ते हसले. मीही गिऱ्हाइकांच्या गडबडीत होतो.

मग एका बाजारच्या दिवशी ते आले आणि नेहमीच्या दुप्पट गोळ्या मागितल्या. माझं डोकं अशा वेळी लगेच चालतं. माणूस एकदम जास्त माल घेतो तेव्हा एक तर तो गावाला जाणार असतो किंवा घरात दुसरं कुणी तो माल वापरत असतं. वर पुष्कळ दिवसांत वैशालीची बाटली न्यायला कुणी आलं नव्हतं. मी विचारलं, या कुणाला? आबा मोठ्या समाधानाने म्हणाले, "पोरीला. अर्धी अर्धी देतो. सुई बंद केली. एका चुलीवरचं खातो, एका हिरीचं पानी पितो, आन् आजार तेवढे तीन कसे रं? शोभीची गेली, हिची बी जाईल."

मी काउंटरमागून बाहेर आलो. काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. बाजारातली माणसं जमली. आबांना आयुष्यात चारचौघांत कुणी असं बोललं नव्हतं, आणि त्यातून दगडूच्या पोराने. त्यांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले की सुयांचा धंदा बसला म्हणून तुझा जळफळाट होतोय. मी विचारलं, पोर आत्ता कशी आहे? तेव्हा त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, काल रात्रीपासून उलट्या होतायत, पित्त झालंय.

मी शटर ओढलं. समोरच्या गॅरेजवाल्याची जीप घेतली, आबांना जवळजवळ ओढत आत बसवलं आणि वस्तीवर गेलो. वैशाली पडवीत घोंगडीवर पडली होती. श्वास असा खोल आणि घाईचा, जणू पळत आलीय. तोंडाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास. आई वारा घालत होती आणि लिंबाचं सरबत पाजायचा प्रयत्न करत होती. ज्याला टँकर मिळत नाही ते शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागतं, आणि त्या जाळाचं विष रक्तात चढतं. हे मॅडमकडून ऐकलं होतं, पाहिलं त्या दिवशी.

तिला जीपमध्ये घालून शेवगावात दवाखान्यात आणलं. मॅडमनी सलाईन लावलं, सुई दिली आणि लगेच नगरला नेण्यास सांगितलं. त्याही जीपमध्ये बसल्या. मी वाटेतही आबांना बोलत होतो, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "तुमचा राग नंतर काढा. आत्ता बाटली उंच धरा." मग तिसगावपासून नगरपर्यंत मी सलाईनची बाटली धरून बसलो. आबा समोरच्या सीटवर पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसले होते.

पोर वाचली. पोरसवदा शरीर असतं, विष उतरलं की हिरव्या रोपासारखं उठून बसतं. तिसऱ्या दिवशी ती नर्सला भूमितीचं पुस्तक मागत होती.

आता सगळ्यांना वाटेल की आबांचे डोळे उघडले असतील. तसं होत नाही. माणूस घाबरला की कबूल करतो, आणि घरी आला की त्याला हिशेब सुचतो. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की ही सुई जन्मभर घ्यावी लागेल. त्या एका शब्दावर आबा अडले. वस्तीवर परतल्यावर त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी थर्मास घेऊन गेलो. गोठ्यापुढे खाट टाकली होती. वैशालीचा बाप बाजूला उभा होता, पण त्या घरात बापाचं चालत नव्हतं, सगळं आबा ठरवायचे. आणि त्या दिवशी जे ठरणार होतं त्यावर पोरीचं जगणं होतं. आबांनी पुन्हा सुई बंद केली असती तर परत जीप वेळेवर पोचेल याची खात्री कोण देणार?

आबा म्हणाले, "जनमभर म्हंजे काय रं? जनमठेप हाय का? पोरीची जात. उद्या कोन करील तिला? आज घेईल, सा म्हैने घेईल. जनमभराचं मी कबूल करनार न्हाई."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. का, तर बैलबाजारात ओरडणारा गिऱ्हाईक घालवतो. मी म्हटलं, "मग तुमचा भाव सांगा."

आबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या हातावर टाकलं.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. आकडा शेकड्याचा की हजाराचा ते दोघांना ठाऊक असतं. भोवतालच्यांना काही कळत नाही. आणि उपरण्याखाली झालेली बोली मोडणारा माणूस त्या बाजारात परत उभा राहू शकत नाही. माझ्या वडिलांनी त्या बाजारात जन्म काढला, त्यांच्या हातावर कुणी कधी उपरणं टाकलं नव्हतं.

आबांनी माझं एक बोट धरलं. एक महिना. मी त्यांचा पंजा धरला. पाच वर्षं. त्यांनी हात काढून घेतला, पण उपरणं तसंच राहू दिलं. उपरणं आहे तोवर सौदा जिवंत असतो.

मी विचार केला. हा माणूस जन्मभर हा शब्द ऐकायला तयार नाही. त्याला जन्मभर नकोच विकायला. गोठ्यात त्यांचा सालगडी वैरण टाकत होता. मी विचारलं, आबा, हा गडी जन्मभरासाठी ठेवलाय का? ते म्हणाले, सालावर आहे. मी विचारलं, किती सालं झाली? तो गडी त्यांचे केस काळे होते तेव्हापासून तिथेच होता. दर गुढीपाडव्याला त्याची बोली व्हायची, तो जातो म्हणायचा, आबा जा म्हणायचे, आणि दुपारी तो पुरणपोळी खाऊन परत वैरण टाकायला लागायचा.

मी म्हटलं, "पाडवा तोंडावर आलाय. सुई सालावर ठेवा. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. नको वाटली तर पाडव्याला बसून सोडायची, मधे सोडायची नाही. गड्याला तरी मधे काढता का तुम्ही?"

आबांनी एकदा गड्याकडे बघितलं. मग उपरण्याखाली त्यांनी माझं एक बोट धरलं. या वेळी एक साल. मी धरू दिलं.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, आजार काय सालावर असतो? पाडव्याला त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही जबाबदार. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मीही त्यांना खोटं आश्वासन दिलं नाही. एवढंच सांगितलं की पाडव्याला मी तिथे असेन. त्यांनी मग वैशालीला एकटीला बसवून सगळं खरं सांगितलं. पोर म्हणाली, "मला माहितीये मॅडम. आबांना नका सांगू. त्यांना बोली करू द्या."

पुढची कित्येक वर्षं माझा पाडवा वस्तीवर गेला. घरची गुढी उभारायची आणि लुनावर टांग टाकायची. आबा खाटेवर तयार बसलेले असायचे. दर वर्षी नवी अट. एका वर्षी म्हणाले, संध्याकाळची सुई कमी करा. मी उठून गाडीपर्यंत गेलो, तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं. एका वर्षी म्हणाले, सणाला पोरीला पुरणपोळी मिळालीच पाहिजे. आता हे मॅडमनी तिला आधीच शिकवलं होतं, की पोळी केवढी खायची आणि त्या दिवशी सुईचं माप कसं बदलायचं. पण मी ते आबांना सांगितलं नाही. तासभर ताणून धरलं, डोकं धरून बसलो, आणि मग मोठ्या मनाने एक पोळी सोडली. आबा खूश. आपण दगडूच्या पोराला वाकवला, असं त्यांनी बाजारात सांगितलं.

सांगितलं ते सांगितलंच, पण त्या वर्षांत गावात माझं नाव सुईवाला पडलं. पोरीला सुईवर लावली आणि आपली कायमची सोय केली, असं लोक माझ्या तोंडावर बोलायचे. पोर वाचली तेव्हा मॅडमना वस्तीवर बोलावून साडी-नारळ दिला. तो त्यांचा मानच होता, मी नाही म्हणत नाही. नगरच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव आबा अजून घेतात. ज्याने जीप नेली, बाटली धरली, बोली केली, त्याला त्या घराने पाडव्याचा चहा पाजला. तोही बिनसाखरेचा, कारण त्या घरात तसाच होतो.

वैशाली दहावीला तालुक्यात चमकली. मग शेवगावला कॉलेजात यायला लागली. दुकानात स्वतः यायची, बाटलीवरची तारीख बघायची, आत कण दिसतात का ते उजेडाला धरून बघायची आणि मगच घ्यायची. माझ्या दुकानात माझा माल तपासणारं ते एकच गिऱ्हाईक होतं, ज्याच्यावर मी चिडलो नाही.

नव्वदचं दशक संपता संपता आबांची गोळी पुरेनाशी झाली. पायाची जखम परत चिघळली. मॅडम म्हणाल्या, आता तुम्हालाही सुई. आबा हादरले. माझ्या दुकानात येऊन बाकड्यावर बसले आणि हळू आवाजात विचारलं की पोरीचा आजार मला लागला का रे? मी सांगितलं, नाही आबा, तुमचा तुमचाच आहे. इतकी वर्षं मोटर ओढली, तुमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. तुमचा प्रकार तोच, फक्त आता टँकर लागतो. तिची विहीर लहानपणीच बुजली, तुमची वापरून आटली. सुई तीच, आजार दोन. आबांनी मान हलवली. घरी त्यांना सुई वैशालीने शिकवली. पहिल्या दिवशी त्यांनी सुई परत खाली ठेवली तेव्हा ती काय म्हणाली, हे तिच्या आईने मला सांगितलं. ती म्हणाली, आबा, मी सातवीत होते.

त्या वर्षी पाडव्याला मी वस्तीवर गेलो तर आबा खाटेवर नव्हते. शेतात गेले होते. बोली झालीच नाही. मला राग आला. एवढी वर्षं मी सणाला बायको-पोरं सोडून येतोय आणि हे साधे भेटत नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी आबा स्वतःची बाटली न्यायला आले होते आणि बाकड्यावर टेकले होते. तेवढ्यात पाथर्डीकडचा एक शेतकरी आला. बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा, गळ्यात पाण्याची बाटली, ओठ कोरडे. हातात नगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी. मी चिठ्ठी वाचली आणि मला काही विचारावं लागलं नाही. मी बाटली काढली, सुया काढल्या, मडकं आणि ओली वाळू सगळं सांगितलं. त्या माणसाच्या तोंडावर तेच होतं जे मी गोठ्यापुढे आबांच्या तोंडावर पाहिलं होतं. त्याने विचारलं, "किती दिवस द्यायची ही?"

मला आता याची सवय होती. मी शांतपणे म्हटलं, "सध्या एक सालाचं धरा. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मग पुढचं..."

"खोटं कशापायी सांगतो रं दगडूच्या?" आबा बाकड्यावरून बोलले.

ते उठले, त्या माणसाजवळ आले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पावनं, ह्याचं ऐकू नगा. ही जनमभराची हाय. गोळीची शुगर येगळी, बाळंतपनाची येगळी, आन् ही येगळी. माझ्या घरात तिन्ही हायेत. मी गोळीनं भागवाया गेल्तो, पोर हातची चालली हुती. जनमभर द्यायची. एक दीस चुकवायची न्हाई. माझी नात घेती, अन् कॉलेजात जाती."

तो माणूस आबांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला, जरा नाराजीनेच, आणि म्हणाला की बाबा सांगतायत तेवढं तुम्ही आधीच सरळ सांगायचं ना.

म्हणजे बघा. विहीर माझी, टँकर माझा, तीन प्रकार मी समजावलेले. आणि माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर, कारभारी आबांनी मला खोटं पाडलं. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्या माणसाला मी एवढंच म्हटलं की आबा म्हणतात तेच खरं आहे, आणि त्याची बाटली थर्मासात नीट बसवून दिली.